फोनच्या बिलाचा हिशेब मांडणारा मास्तर

शेतकरी मित्रहो, एसटीडी बूथची ती पिवळी पाटी आठवते ना? रात्रीचे दहा-अकरा वाजले की तालुक्याच्या गावी बूथपुढं रांग लागायची. कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत, कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाला वाशीच्या अडत्याला घरी गाठून उद्याच्या कांद्याचा अंदाज विचारायचा. दिवसा त्या कॉलला जेवढे पैसे पडत, त्याच्या पाव पैशात रात्री उशिरा काम व्हायचं. काचेच्या खोलीत माणूस बोलतोय, आणि बाहेरच्याचं लक्ष त्या लाल आकड्यांच्या मीटरवर! तीच तार, तेच यंत्र, तोच आवाज. मग रात्री स्वस्त आणि दिवसा महाग का?

आता बूथ गेले, रांगा गेल्या. पण तो प्रश्न गेलेला नाही. विजेच्या बिलात तो आहे, मोबाईलच्या रिचार्जमध्ये आहे, एसटीच्या बंद पडलेल्या फेरीत आहे. हा प्रश्न आयुष्यभर उराशी धरून बसलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. अर्थशास्त्राचा मास्तर. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्याच्या हाती एका मोठ्या राज्याच्या टेलिफोन आणि विजेच्या दरांची किल्ली आली. नाव आल्फ्रेड कान. आपला त्यांचा काय संबंध, असं म्हणू नका. वाचून पाहा, मग ठरवा.

गिरणी कामगाराचा मुलगा

कान यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९१७ चा, न्यू जर्सी राज्यातल्या पॅटरसन गावचा. आईवडील रशियातून आलेले ज्यू निर्वासित. पॅटरसन हे रेशमाच्या गिरण्यांचं गाव आणि वडील गिरणीतच कामाला. म्हणजे घरात वाडवडिलांची पुंजी नव्हती. पोरगं मात्र हुशार. अठराव्या वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलं. १९४२ साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात वॉशिंग्टनला सरकारी खात्यांत नोकरी झाली, काही दिवस सैन्यात काढले, एका लहान कॉलेजात शिकवलं आणि १९४७ साली ते कॉर्नेल विद्यापीठात आले. तिथंच त्यांचं घर झालं.

कॉर्नेल हे इथाका नावाच्या लहानशा गावातलं विद्यापीठ. आपल्या कृषी विद्यापीठांची घडी ज्या अमेरिकी लँड ग्रँट विद्यापीठांवरून बसवली गेली, त्यांपैकीच हे एक. तिथं शेतकी कॉलेज आहे, गोठे आहेत, बागा आहेत. कान मास्तर शिकवायचे अर्थशास्त्र, आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या संगीत नाटकात उभे राहून गायचे. बोलणं मोकळं, विनोदी. पुस्तकी पंडितासारखा चेहरा करून बसणं त्यांना कधी जमलं नाही.

इथाकाची रेल्वे आणि आपली एसटी

१९६६ साली त्यांनी एक लेख लिहिला. त्यात इथाकाच्या प्रवासी रेल्वेची गोष्ट आहे. ती आपल्या गावाला इतकी लागू पडते की जणू लिहिणारा तुमच्या फाट्यावर उभा राहून गेला असावा.

गोष्ट अशी. इथाकाला बाहेरगावी जायला मोटार होती, बस होती, विमान होतं आणि रेल्वे होती. हवा चांगली असली की लोक आपल्या सोयीनं मोटारीनं नाहीतर विमानानं जायचे. बर्फ पडलं, वादळ सुटलं की सगळं बंद, आणि खात्रीची तेवढी रेल्वे. म्हणजे रेल्वे सगळ्यांनाच हवी होती, पण अडीनडीला. रोजच्या तिकिटाला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी रेल्वेनं हिशेब केला आणि प्रवासी गाडी बंद केली. गाव हळहळलं. गंमत म्हणजे रेल्वे बंद करा असं कुणीच म्हटलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या दिवसाचा शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि त्या सगळ्या लहान निर्णयांची बेरीज होऊन असा मोठा निर्णय झाला, जो कुणालाच नको होता. कान यांनी याला लहान निर्णयांची जुलूमशाही म्हटलं.

आता आपल्या वडापच्या जीपकडं बघा. ती दारात थांबते, हात केला की उभी राहते, म्हणून आपण तिच्यात बसतो. एसटी रिकामी धावते. मग एक दिवस डेपो मॅनेजर ती फेरी बंद करतो, आणि नेमकं पावसाळ्यात, रात्री-अपरात्री, शाळेच्या पोरींना नेण्यासाठी एसटी हवी असते तेव्हा ती नसते. ग्रामसभेत ठराव होतो, निवेदन जातं. पण वर्षभराच्या तिकिटांनी आपला ठराव आधीच करून टाकलेला असतो.

बाजार सगळं ठरवतो, असं मानणाऱ्या शास्त्राचा हा प्राध्यापक. त्यानंच बाजाराला न दिसणारी ही गोष्ट आधी लिहून ठेवली, हे ध्यानात ठेवा. पुढं त्यांनी जे केलं ते एकाच बाजूनं नाही, हे समजायला त्याची गरज पडते.

मास्तर खुर्चीवर बसतात

१९७० आणि १९७१ साली कान यांचा नियमनाच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ दोन भागांत आला. टेलिफोन, वीज, गॅस या धंद्यांत गावात दोन-दोन कंपन्यांच्या तारा ओढणं परवडत नाही. म्हणून एकाच कंपनीला मक्ता द्यावा लागतो. मक्ता दिला की ती मनाला येईल तो दर लावणार. म्हणून मध्ये पंच हवा. अमेरिकेत प्रत्येक राज्यात असा आयोग असतो. कंपनी आपला खर्च दाखवते, भांडवलावर रास्त नफा मागते, आयोग दर ठरवून देतो.

ऐकायला बरं वाटतं, पण यात एक मेख आहे. खर्च दाखवला की तो गिऱ्हाइकाकडून वसूल करायला मिळतो म्हटल्यावर खर्च कमी कोण करील? गावातला ठेकेदार जर झालेला खर्च अधिक दहा टक्के या बोलीवर विहीर बांधत असेल, तर सिमेंट किती लागेल ते तुम्हीच सांगा.

१९७४ साली कान यांना न्यूयॉर्क राज्याच्या लोकसेवा आयोगाचं अध्यक्ष नेमलं गेलं. वेळ कठीण होती. आदल्या वर्षी अरब देशांनी तेल रोखलं होतं. महागाई भडकली होती. न्यूयॉर्क शहराला वीज पुरवणाऱ्या कॉन एडिसन कंपनीवर त्याच वर्षी भागधारकांचा लाभांश चुकवायची वेळ आली. वीज कंपन्या आणि टेलिफोन कंपनी रोज नवी दरवाढ मागत होत्या आणि लोक रस्त्यावर ओरडत होते. वर्गात फळ्यावर लिहिलेलं खरं करून दाखवायची अशी घडी मास्तरांच्या नशिबी आली.

फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं?

टेलिफोनच्या बाबतीतलं त्यांचं गाजलेलं प्रकरण तसं क्षुल्लक वाटेल. आपल्याकडं १९७ नंबर फिरवून अमक्याचा फोन नंबर काय, असं विचारता यायचं. न्यूयॉर्कलाही तशी सोय होती आणि ती फुकट होती. कितीही वेळा विचारा, पैसे नाहीत.

कान यांनी विचारलं, ही फुकट सोय चालते कुणाच्या पैशानं? हजारो ऑपरेटर बायका बसलेल्या, त्यांचा पगार, इमारती, यंत्रं. तो सगळा खर्च प्रत्येकाच्या महिन्याच्या बिलात मिसळलेला. आणि हिशेब काढला तर दिसलं की सारखे सारखे नंबर विचारणारे मूठभर आहेत, त्यांत धंदेवाले पुष्कळ. घरात डिरेक्टरी बघून नंबर शोधणारी गरीब म्हातारी मात्र त्या सगळ्यांचा खर्च आपल्या बिलातून देत होती. तिला ते ठाऊकही नव्हतं.

आयोगानं ठरवलं की ठराविक चौकशा सोडून पुढच्या प्रत्येक चौकशीला पैसे पडतील. लोक खवळले. जे कालपर्यंत फुकट होतं त्याला आज पैसे? इथं मास्तरांनी शहाणपण केलं. जो ग्राहक ही सोय वापरत नाही, त्याच्या बिलातून थोडी रक्कम कमी करायची, असं त्याला जोडून दिलं. म्हणजे दरवाढ नव्हे, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारा पैसा थांबवला. हा फरक पदरी रोख सूट पडल्यावर लोकांना कळला. चौकश्यांचे कॉलही झपाट्यानं उतरले, कारण बरेचसे कॉल केवळ फुकट आहे म्हणूनच होत होते.

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, पाणीपट्टीचा ठराव आठवला का? चोवीस तास नळ सोडून जनावरं धुणारा आणि दोन हंडे भरणारा, दोघांना एकच पट्टी. वसुली निघाली की मात्र दोन हंडेवाला आधी भरतो.

गर्दीची वेळ आणि रिकामी वेळ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. रात्री फोन स्वस्त का?

असं समजा, बाजाराच्या दिवशी सकाळी आठच्या एसटीत उभं राहायलाही जागा नाही. आणखी चाळीस माणसं चढवायची तर दुसरी गाडी काढावी लागेल. म्हणजे ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल, गाडी, सगळा खर्च त्या जादा चाळीस जणांमुळं. तीच गाडी दुपारी दोनला रिकामी परतते. तेव्हा एक जादा माणूस बसला तर खर्च किती वाढला? जवळजवळ काही नाही. अर्थशास्त्रात या जादा एका नगाच्या खर्चाला सीमांत खर्च म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजही दिवसाच्या गर्दीला पुरेल एवढं मोठं बांधावं लागतं. रात्री ते रिकामं असतं. म्हणून गर्दीच्या वेळच्या माणसानं गर्दीचा खर्च द्यावा आणि रिकाम्या वेळच्यानं कमी द्यावा.

रात्रीच्या सवलतीचा दर कान यांनी शोधून काढला असं नव्हे. फोन कंपन्या तो आधीपासून देत होत्या. कान यांनी केलं ते एवढंच, की ही युक्ती टेलिफोनपुरती न ठेवता तिचं तत्त्व केलं आणि विजेला लावलं. न्यूयॉर्ककडं उन्हाळ्यात भर दुपारी सगळे वातानुकूलित यंत्रं लावतात. वर्षातल्या त्या थोड्या तासांसाठी अब्जावधी डॉलरची वीजकेंद्रं उभारावी लागत आणि त्याचा बोजा सगळ्यांच्या वर्षभराच्या बिलावर. कान यांच्या काळात लाँग आयलंडच्या मोठ्या वीज ग्राहकांना वेळेप्रमाणं दर लागू झाले. कडक उन्हाच्या तासांना महाग, मध्यरात्रीनंतर एकदम स्वस्त. कारखान्यांनी आपल्या पाळ्या बघितल्या, यंत्रांच्या वेळा हलवल्या.

इथं तुम्ही मला अडवणार, हे मला ठाऊक आहे. आपण म्हणाल, रात्रीच्या विजेचं कौतुक आम्हाला सांगू नका. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला गव्हाला पाणी द्यायला आम्ही जातो. विंचू-सापाची भीती, उसात बिबट्या. ती वेळ आम्ही निवडली नाही, ती आमच्यावर लादली.

बरोबर आहे, आणि कान यांच्या तत्त्वाची खरी अट हीच आहे. वेळेप्रमाणं दर लावायचा तर दोन गोष्टी गिऱ्हाइकाच्या हाती हव्यात. एक, मोजायला मीटर. दुसरी, वेळ निवडायची मुभा. लाँग आयलंडच्या कारखानदाराला दोन्ही होतं. आपल्या कृषिपंपाला बरीच वर्षं मीटर नव्हतं, बिल हॉर्सपॉवरवर ठोक. आणि वेळ ठरवणार फीडरचं वेळापत्रक. जिथं निवड नाही तिथं दर काहीही शिकवत नाही. तिथं ती फक्त वाटणी असते, आणि वाटणीत ज्याचा आवाज लहान त्याच्या वाट्याला रात्र येते.

पुढं काळ बदलला. राज्यात दिवसा पंपांना वीज द्यावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२४ साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. सूर्याच्या विजेनं गंमत अशी केली की भर दुपारची वीज, जी कान यांच्या काळात सर्वांत महाग होती, ती पुष्कळ ठिकाणी सर्वांत स्वस्त पडू लागली. तत्त्व तेच राहिलं, घड्याळ उलटं फिरलं. आणि मोफत विजेबद्दल तो डिरेक्टरीचा प्रश्न अजून शिल्लक आहेच. फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं? सरकारनं दिले तर सरकारनं किती आणि कधी दिले, कारखान्याच्या बिलावर किती चढले, हे उघड दिसलं पाहिजे. मागणं चुकीचं नाही, झाकलेला हिशेब चुकीचा.

सदरहू, उपरोक्त, विषयांकित

१९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कान यांना वॉशिंग्टनला बोलावलं आणि विमान वाहतुकीच्या मंडळाचं अध्यक्ष केलं. कुठल्या विमानानं कुठं जावं, भाडं किती घ्यावं, हे सगळं हे मंडळ ठरवायचं. १९३८ पासून त्यानं मोठ्या मार्गांवर एकही नवी कंपनी येऊ दिली नव्हती. कान यांना विमानातलं काही कळत नव्हतं. ते स्वतःच विनोदानं म्हणायचे की मला ही सगळी पंख लावलेले सीमांत खर्च दिसतात.

तिथं गेल्या गेल्या त्यांनी पहिली धाड घातली ती कारकुनी भाषेवर. सगळ्या कर्मचाऱ्यांना एक परिपत्रक काढलं. सांगितलं की सरळ, माणसासारखं, बोलल्यासारखं लिहा. वकिली शब्द गाळा. आपण लिहिलेलं घरी बायकोला, मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि ती हसतात का बघा. आपण काय करतो आहोत हे साध्या भाषेत सांगता येत नसेल, तर बहुधा आपण काहीतरी चुकीचंच करतो आहोत, असा त्यांचा रोख होता. हे परिपत्रक वर्तमानपत्रांनी उचलून धरलं आणि देशभर गाजलं.

वाचकहो, तहसिलातून आलेलं एखादं पत्र काढून बघा. "सदरहू प्रकरणी उपरोक्त विषयान्वये आपणास याद्वारे कळविण्यात येते की..." हे घरी मोठ्यानं वाचा. पोरं हसली तर समजा कान मास्तर खरे. हसली नाहीत तर समजा त्यांनाही सवय झाली. माझे जे ग्रामसेवक आणि तलाठी मित्र हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगणं आहे. नियम बदलणं तुमच्या हातात नाही, नोटीस समजेल अशी लिहिणं आहे. म्हातारा शेतकरी नोटीस घेऊन वकिलाकडं जातो, तो कायद्यासाठी कमी आणि भाषेसाठी जास्त.

पुढच्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९७८ मध्ये, विमान धंदा मोकळा करण्याचा कायदा झाला. तो व्हावा म्हणून स्वतः अध्यक्षच झटत होते. त्यात त्यांच्या मंडळालाच टप्प्याटप्प्यानं कुलूप लागायचं ठरलं आणि १९८४ च्या अखेरीस ते बंद झालंही. आपलं ऑफिस, आपली खुर्ची, आपले शिक्के नकोत म्हणून झगडणारा अधिकारी तुम्ही पाहिलात का? मी तरी नाही.

याच सुमारास कार्टर यांनी त्यांना महागाईचे सल्लागार केलं. तिथं एकदा ते बोलून गेले की महागाई आवरली नाही तर मोठी मंदी येईल. व्हाइट हाऊस रागावलं, मंदी हा शब्द काढू नका म्हणालं. कान म्हणाले, ठीक, यापुढं मंदीला मी केळं म्हणेन. आणि भाषणांत खरोखरच केळं म्हणू लागले. तर केळीच्या एका कंपनीनं तक्रार केली की आमच्या मालाची बदनामी होते! मग त्यांनी केळं सोडून कमक्वाट नावाच्या लिंबाएवढ्या फळाचं नाव घेतलं. आमच्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी मनावर घेऊ नये. भाव पडल्यावर त्यांना हा विनोद जास्तच कळेल.

शेतमालाच्या ट्रकचा दाखला

विमान मोकळं झालं तसे १९८० साली ट्रकही मोकळे झाले, त्यातही कान यांचा जोर होता. ही गोष्ट शेतकऱ्यानं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानं मालट्रकवर कडक बंधनं होती. कुणी कुठल्या रस्त्यानं काय न्यायचं, भाडं किती, सगळं ठरलेलं. परताना माल मिळत असला तरी परवाना नाही म्हणून ट्रक रिकामा यायचा. पण त्या कायद्यातून एक वस्तू वगळली होती: प्रक्रिया न केलेला शेतमाल. भाजी, फळं, जनावरं नेणाऱ्या ट्रकला ती बंधनं नव्हती. मोकळीक आली तर काय होईल, या वादात हा शेतमालाचा ट्रकच दाखला म्हणून पुढं आला. बंधन नसताना गोंधळ माजला नव्हता, माल पोचत होता, आणि तोही कमी भाड्यात.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विमानं मोकळी झाल्यावर सर्वसाधारण भाडी उतरली, साधी माणसं विमानात बसू लागली. पण कंपन्या बुडाल्या, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि लहान गावांचं काय? नफा नाही तिथं विमान कशाला जाईल? इथाकाच्या रेल्वेवर लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. म्हणून १९७८ च्या त्याच कायद्यात लहान गावांची विमानसेवा टिकवायला सरकारी अनुदानाची सोय ठेवली होती. अनुदान उघड, कुठल्या गावाला किती ते कागदावर. मोठी विमानतळं काही बलाढ्य कंपन्यांच्या मुठीत जातील हे मात्र आधी नीट उमगलं नाही, हे त्यांनीच पुढं मान्य केलं. १९८८ साली तर या अनपेक्षित गोष्टींवर त्यांनी लेखच लिहिला. आपलं चुकलं कुठं, हे लिहून देणारा अधिकारी, हे दुसरं आश्चर्य.

पुन्हा टेलिफोन

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतली अवाढव्य बेल टेलिफोन कंपनी कोर्टाच्या तडजोडीनं फोडली गेली. लांबचे कॉल एकीकडं, गावोगावच्या तारा दुसरीकडं. कॉर्नेलला परतलेले कान आता सल्लागार म्हणून या वादात साक्षी देऊ लागले. पुष्कळदा टेलिफोन कंपन्यांच्या बाजूनं. त्यावर टीका झाली, तीही नमूद करतो. पंच उठून एका संघाकडं गेला की प्रेक्षक बोलणारच.

मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा होता. पूर्वापार रीत अशी की लांबच्या कॉलवर भरपूर पैसे घ्यायचे आणि त्यातून घरच्या फोनचं भाडं स्वस्त ठेवायचं. खेड्यातल्या फोनला तर तार लांब, खर्च जास्त. कान म्हणाले, हे झाकलेलं अनुदान आहे. बंगलेवाल्यालाही घरचा फोन स्वस्त आणि परगावच्या मुलाला फोन करणाऱ्या गरीब आईला तो महाग. त्यापेक्षा प्रत्येक सेवेला तिचा खरा खर्च लावा, आणि ज्याला परवडत नाही, जे गाव आडबाजूला आहे, त्याला नाव घेऊन उघड मदत करा.

खेड्याच्या बाजूनं याला उत्तर आहे. झाकलेली मदत निदान मिळते. उघड केली की दर वर्षी अर्थसंकल्पात तिच्यावर नजर पडते, आणि कापायची वेळ आली की पहिली तीच कापतात. हे उत्तर खोटं नाही. पण झाकलेल्या मदतीचं दुसरं दुखणं असं, की मिळाली नाही तरी कळत नाही.

आपल्याकडं हाच प्रवास झाला. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं. १९९९ च्या आदेशानं एसटीडीचे दर उतरू लागले आणि घरच्या फोनचं भाडं चढू लागलं. हे कान यांच्याच वळणाचं पाऊल. मग खेड्याचं काय? त्यासाठी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा वेगळा काढून सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला. नव्या कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर भारतनेटची जी पेटी बसवली आहे, तिचा पैसा या निधीचा आहे. म्हणजे शेवटी कुणाचा? तुम्ही-आम्ही मारलेल्या रिचार्जचा.

तेव्हा ती पेटी उपकार म्हणून बघू नका. तिचे पैसे गावानं भरले आहेत. तिचा दिवा लागतो का, नेट चालतं का, सातबारा त्या नेटवर निघतो का, हे ग्रामसभेत विचारा. बंद असेल तर किती दिवस बंद आहे ते वहीत लिहून ठेवा. कान म्हणाले तसं अनुदान उघड झालं आहे. उघड्या हिशेबाकडं कुणी बघितलंच नाही, तर तो झाकल्यासारखाच.

सुनावणीला जाताना

आल्फ्रेड कान २७ डिसेंबर २०१० रोजी इथाका इथंच वारले. वय ९३. विमानवाल्यांचे कान म्हणून जग त्यांना ओळखतं. मला मात्र ते डिरेक्टरीच्या फुकट चौकशीवर अडून बसलेले मास्तर म्हणून जास्त जवळचे वाटतात.

१९९९ पासून आपल्या राज्यात वीज नियामक आयोग आहे. दर बदलण्याआधी तो जाहीर सुनावणी घेतो, हरकती मागवतो. ट्रायही लोकांची मतं मागवते. तिथं कारखानदारांचे वकील असतात, कंपन्यांचे हिशेबनीस असतात. शेतकऱ्याची खुर्ची बहुधा रिकामी असते. तुम्ही गेलात तर मोठं भाषण नको. तीन प्रश्न पुरे. ही वीज किंवा ही सेवा मला द्यायला खरा खर्च किती येतो? तो आज कोण भरतं? आणि वेळ निवडायची मुभा मला आहे का?

उत्तर "सदरहू" पासून सुरू झालं, तर पुन्हा विचारा. साध्या मराठीत.